यंत्राचा मालक आणि आवाजाचा धनी

जुन्या वस्तूंकडे पाहण्याची आपली दृष्टी मोठी लहरी असते. एखादी वस्तू वर्षानुवर्षे माळ्यावर धूळ खात पडलेली असते आणि भंगारवाल्याच्या तराजूत ती टाकताना आपला हात मुळीच अडखळत नाही. पुढे दहा-पंधरा वर्षे लोटली की तीच वस्तू कुणाच्या तरी दिवाणखान्यात मानाने विराजमान झालेली दिसते आणि आपण हळहळतो. पितळेची घंगाळी, सागवानी पेट्या, कंदील यांच्या बाबतीत हे यापूर्वी घडून गेले. आता पाळी कॅसेट डेकची आली आहे.

मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोड आणि आपल्या बाजूला कल्याणपलीकडचे उल्हासनगर येथे जुन्या टेपच्या शोधात हिंडणारी मंडळी आज पुन्हा दिसू लागली आहेत. नाकामिची, अकाई, टीॲक, सोनी, टेक्निक्स ही जपानी नावे आणि सोनोडाइन, कॉस्मिक ही भारतीय नावे त्यांच्या तोंडी असतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांत माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या वाटेपर्यंत शहरवासीयांची विश्रांतीची घरे उभी राहिली. अशा एखाद्या घराच्या ओसरीवर आरामखुर्चीशेजारी चांदीच्या रंगाचा, हलत्या काट्यांचा एखादा डेक मांडलेला आढळतो. संध्याकाळी तो सुरू होतो. समोर भातखाचरे, मागे डोंगर आणि मध्ये किशोरीताईंचा किंवा भीमसेनांचा स्वर. हे सुख खरे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

तरीही एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. असे यंत्र निवडणे आणि त्याचा आस्वाद घेणे हा केवळ आवडीनिवडीचा मामला आहे, की त्यात काही नैतिक अंशही आहे? वरवर पाहता, डेक घ्यावा की न घ्यावा यात पापपुण्याचा काय संबंध, असे कुणीही म्हणेल. मला मात्र वाटते की संबंध आहे. तो कोठे आहे हे शोधण्याचा या लेखात प्रयत्न करीत आहे.

आवाज सरस म्हणून?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. जुन्या डेकचा आवाज नव्या साधनांपेक्षा अधिक चांगला असतो म्हणून तो घ्यावा, असे पुष्कळ जण सांगतात. वस्तुस्थिती तशी नाही. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट प्रथम जगापुढे मांडली, तेव्हा संगीताचा उत्तम आस्वाद हा तिचा हेतूच नव्हता. खिशात मावेल असे सुटसुटीत ध्वनिमुद्रणाचे साधन बेल्जियममधील हासेल्ट येथील लू ओटन्स व त्यांच्या सहकाऱ्यांना हवे होते. फीत जेमतेम ३.८ मिलिमीटर रुंद आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. इतक्या चिंचोळ्या आणि संथ फितीवर खरखर येणारच. १९६८ मध्ये डॉल्बी ‘बी’ पद्धत आली. तिने मुद्रणाच्या वेळी हलके, उंच स्वर वाढवून आणि ऐकताना ते पुन्हा उतरवून ही खरखर पुष्कळच कमी केली. पुढे क्रोम व मेटल फिती आल्या, तीन हेडांचे डेक आले, १९८२ साली नाकामिचीने ‘ड्रॅगन’ हा आपला नामांकित डेक काढला. एका मर्यादित साधनाकडून माणसाने किती काम करून घ्यावे याचा हा विलक्षण इतिहास आहे. परंतु त्याच १९८२ साली सीडी बाजारात आली आणि निव्वळ शुद्धतेच्या कसोटीवर कॅसेट मागे पडली. सीडीच्या निर्मितीतही सहभागी असलेल्या ओटन्स यांना (ते २०२१ साली निवर्तले) कॅसेटविषयी फारसा हळवेपणा नव्हता. आवाज सीडीचाच चांगला, असे त्यांचे स्पष्ट मत होते.

तेव्हा ‘आवाज सरस’ हे कारण टिकत नाही. मग राहते काय? जाणकार श्रोत्याला विचारले तर तो थोडा विचार करून सांगेल: ‘यावर मी नीट ऐकतो.’ या उत्तरात तथ्य आहे.

दोन रिळे आणि संत ऑगस्टीन

मोबाइलवर लाखो गाणी आहेत आणि बोटाच्या एका हालचालीने प्रत्येकाला बाजूला सारता येते. कॅसेटला ही सोय नाही. पुढचे गाणे हवे असेल तर फीत पळवावी लागते, अंदाज घ्यावा लागतो, एक बाजू संपली की उठून कॅसेट उलटावी लागते. एवढ्या खटाटोपापेक्षा आहे ते ऐकत बसणे माणूस पत्करतो. गायकाने ज्या क्रमाने गायिले त्या क्रमाने, त्याच्या गतीने ऐकतो. दुसऱ्याच्या गतीने चालणे ही एक प्रकारची विनम्रता आहे. वृद्ध आईचे बोलणे ऐकताना, आजाऱ्याशेजारी बसताना, मुलाला अक्षर शिकवताना तीच विनम्रता लागते.

संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४००च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचे स्वरूप उलगडताना एक दृष्टान्त दिला आहे. पाठ असलेले स्तोत्र म्हणावयास आपण सुरुवात करतो. आरंभापूर्वी संपूर्ण स्तोत्र आपल्या अपेक्षेत असते. जसजसे म्हणत जावे तसतसे ते अपेक्षेतून निघून स्मृतीत जमा होत जाते आणि या दोहोंच्या मधोमध उभे असते आपले अवधान, ज्याच्यातून भविष्य भूतकाळात प्रवेश करते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिले तर हा दृष्टान्त डोळ्यांना दिसतो. डावीकडचे रीळ म्हणजे अपेक्षा. ते हळूहळू बारीक होत जाते. उजवीकडचे रीळ म्हणजे स्मृती. ते भरत जाते. मध्ये हेडपाशी फितीचा जो सूक्ष्म अंश टेकलेला असतो, तेवढाच आपला वर्तमान. तासाभराच्या कॅसेटमध्ये सुमारे ९० मीटर फीत असते. तिच्यातली एका वेळी केसाहूनही कमी फीत आपल्या वाट्याला येते आणि ती पुढे सरकते.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात ऑगस्टीन कानांच्या सुखाविषयी बोलतात. चर्चमधील गायनाने आपण श्रद्धेच्या आरंभकाळी रडलो होतो, हे ते कृतज्ञतेने आठवतात. पण जे गायिले जाते त्यापेक्षा गाणेच मनाला अधिक हलवून जाते तेव्हा आपले काहीतरी चुकते आहे, असेही त्यांना वाटते. गायन वर्ज्य करावे की ठेवावे, अशी त्यांची घालमेल होते आणि शेवटी ते गायनाच्या बाजूने कौल देतात. ही घालमेल जुन्या डेकच्या शौकिनाने जरूर आठवावी. ऐकताना आपले लक्ष गाण्याकडे आहे की डेकच्या हलत्या काट्यांकडे? स्वरांकडे आहे की ‘हे मॉडेल तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही’ या जाणिवेकडे? गाण्याचे सुख आणि मालकीचे सुख एकमेकांच्या इतके निकट राहतात, की आत डोकावल्याशिवाय आपण कोणते भोगतो आहोत ते कळत नाही.

कॅसेटही एके काळी नवी होती

अवधान यंत्रातून येते असे म्हणावे, तर आणखी एक अडचण आहे. आज आपण ज्या कॅसेटला संथपणाची व जिव्हाळ्याची खूण मानतो, तीच ऐंशीच्या दशकात गोंगाटाची खूण मानली जात होती. तिचे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही. तोवर भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय जवळजवळ एकाच बड्या ग्रामोफोन कंपनीच्या हाती होता. कॅसेटमुळे छोट्या कंपन्या निघाल्या आणि कोळीगीते, भीमगीते, भजने, लोकगीते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे लोकगायक गावोगाव पोहोचले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात हा बदल सविस्तर नोंदवला आहे. आपल्या कित्येक धर्मग्रामांतील गायनवृंदांनीही ख्रिस्तयागातील नव्या गीतांच्या चाली कॅसेट पुन्हापुन्हा मागे फिरवूनच बसवल्या.

पण त्याच कॅसेटने लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर बसून बायकांच्या तोंडची गाणी बुजवली. हळदीच्या रात्री ज्या गळ्यांना मान होता, त्यांच्यापुढे विकतची गाणी वाजू लागली. जात्यावरची ओवी पिठाच्या गिरणीने घालवली. मांडवातली गाणी घालवण्यात टेपचा हात होता. म्हणजे आज ज्याला आपण उतावीळ काळावरचा उतारा समजतो, तो आपल्या काळी स्वतःच उतावीळ होता. यावरून एवढे निश्चित होते, की सद्गुण वस्तूत भरून ठेवलेला नसतो. तो तिच्या वापरात असतो आणि वापर नेहमी कुणाच्या तरी संदर्भात असतो. एकट्याने, दार लावून यंत्राची पारख करता येते, पण वापराची पारख करायची तर शेजारी कोण राहतो हेही पाहावे लागते.

निवडलेली गैरसोय आणि लादलेली गैरसोय

शहापूर-मुरबाडच्या भूमीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. १८९२ मध्ये बांधलेले तानसा, १९५७ मध्ये पूर्ण झालेले मोडकसागर आणि त्यानंतरचे भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत. याच तालुक्यातील कित्येक पाड्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात आणि डोक्यावर हंडे वाहण्यात काढले. या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्र तासन्‌तास अंधारात होता, तोही फार जुना इतिहास नाही.

अशा ठिकाणी कुणी म्हणाले, ‘मला थोडी गैरसोय आवडते, सगळे एका बोटावर मिळाले की त्याची किंमत राहत नाही,’ तर त्यात चूक काही नाही. व्रतस्थ माणसे नेमके हेच सांगत आली आहेत. परंतु निवडलेली गैरसोय आणि लादलेली गैरसोय यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हौसेने विहिरीचे पाणी शेंदणारा कंटाळला की नळ सोडतो. जिच्या घरी नळच नाही तिला कंटाळण्याची मुभा नसते. जुना डेक लावणाऱ्याजवळ मोबाइल असतोच, त्यामुळे त्याचे जुनेपण हा त्याचा अलंकार ठरतो. त्याच गावात कुणाजवळ जुन्या कॅसेटशिवाय दुसरे काहीच नसते आणि ती वाजवायला यंत्र नसते. हे दोघे एकाच वस्तूकडे पाहत असतात. एकाला यंत्र हवे असते, कारण ते दुर्मिळ आहे. दुसऱ्याला ते हवे असते, कारण त्या फितीत त्याचे माणूस आहे.

एक प्रसंग

या दुसऱ्या प्रकारच्या गरजेचे एक उदाहरण माझ्या माहितीतील आहे. कल्याण-मुरबाड रस्त्यालगतच्या एका गावात एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना जुन्या यंत्रांची हौस. भंगारातून आणलेला एक जपानी डेक त्यांनी स्वतः पट्टे बदलून, रबरी रोलर घासूनपुसून चालू केलेला. ही वार्ता गावात पसरली आणि एके दिवशी शेजारच्या वाडीतील एक बाई पदराखालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कॅसेट घेऊन आल्या.

‘‘गुरुजी, ही वाजंल का? सासूबाईंचा आवाज हाय तीच्यात.’’

‘‘बघू या. पण लगेच नाही लावायची. बुरशी आलीय हिच्यावर. आधी वाळू दे.’’

त्या सासूबाई आगरी समाजातील नावाजलेल्या धवलारीण होत्या. लग्नविधींच्या वेळी धवले गाण्याचा मान त्यांचा असे. मुंबईत नोकरीला असलेल्या एका नातलगाने कधीकाळी टू-इन-वनच्या अंगच्या माइकवर तो आवाज धरून ठेवला होता. गुरुजींनी फीत आठवडाभर कोरड्या जागी ठेवली, हलक्या हाताने साफ केली, वेग जमवला आणि घरच्या मंडळींना बोलावून लावली.

धवले वाजू लागले. गुरुजींचा सराईत कान फितीची खरखर, मागचा गलका, मध्येच आरवणारा कोंबडा हे सारे दोष टिपत होता. घरची माणसे ऐकत होती ते निराळेच. दोन धवल्यांच्या मध्ये म्हातारीने गाणे थांबवून कुणा पोराला कोंबडी हाकलायला सांगितले आणि ते ऐकत नाही म्हणून एक ठेवणीतली शिवी हासडली. एवढाच तुकडा त्या मंडळींनी पुनःपुन्हा मागे फिरवून ऐकला. ते हसले, मग बाईंनी डोळ्यांना पदर लावला. ज्याला यंत्राची भाषा खरखर म्हणते, ती त्यांची आई होती.

कॅसेटची दुसरी बाजू सुरू झाली, तेव्हा गाणे संपल्यावर कोणीतरी टेप बंद करायला विसरले असावे. घरातील जमिनीच्या वाटणीचे बोलणे ऐकू येऊ लागले. गुरुजींनी तत्काळ डेक बंद केला. हेडफोन जोडून तो घरातल्या वडीलधाऱ्याच्या हाती दिला आणि स्वतः अंगणात जाऊन बसले. ‘‘यंत्र माझं आहे,’’ ते मला नंतर म्हणाले, ‘‘आवाज माझा नाही.’’

मालकीचा प्रश्न गुरुजींनी या दोन वाक्यांत माझ्या मते नेमका मांडला आहे. डेक विकत घेता येतो. फीतही विकत घेता येते. फितीतील आवाजाचा धनी मात्र गाणारा आणि त्याच्यामागे त्याची माणसे. ज्याच्या हाती यंत्र आहे तो त्या दोघांमधला निरोप्या आहे. निरोप पोहोचवणे हे त्याचे काम आहे आणि आपल्यासाठी नसलेला निरोप न ऐकणे हेसुद्धा त्याचेच काम आहे.

निवड कशी करावी?

हे मान्य केले तर डेक निवडण्याची कसोटीच बदलते. मांडणीसाठी डेक घेणारा नाव, रंग आणि दुर्मिळता पाहतो. आवाज परत मिळवण्यासाठी घेणारा काही निराळ्याच गोष्टी पाहील.

आपल्या भागात वीज उशिरा व तुटपुंजी आली, म्हणून घरगुती मुद्रणे पुष्कळदा सेलवर झाली. सेल उतरत आले की मोटार मंदावते आणि अशी फीत आज योग्य वेगावर लावली तर माणूस घाईघाईने, चिरक्या आवाजात बोलतो. तेव्हा ज्या डेकला वेग कमी-अधिक करण्याची सोय आहे, तो अशा कामाला अधिक उपयोगी. दुसरे, ज्या टेपवर मुद्रण झाले त्याच्या हेडचा कल आपल्या डेकशी जुळेलच असे नाही. तो जुळला नाही तर आवाज कांबळ्यातून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू सहज हाती येणारा डेक म्हणूनच बरा. तीन हेडांचा हव्यास अनावश्यक आहे. मुद्रण करता करताच ते तपासण्यासाठी तिसरे हेड असते, नुसते ऐकण्यासाठी दोन पुरतात. घरगुती फितींवर डॉल्बीचा संस्कार नसतो, म्हणून त्या वाजवताना डॉल्बीचे बटण बंद ठेवावे, नाहीतर उंच स्वर मारले जातात. दोन कॅसेटांचे जोडडेक नकला काढण्यासाठी खपले, पण एका खणाचा साधा, मजबूत डेक त्यांहून सहसा विश्वासू असतो.

विकत घेण्यापूर्वी यंत्र चालवून पाहावे. आतले रबरी पट्टे जुने होऊन सैल पडतात किंवा डांबरासारखे वितळतात. ते बदलता येतात, पण झिजून खाचा पडलेले हेड बदलणे कठीण. जपानच्या बाजारपेठेसाठी बनलेले डेक १०० व्होल्टवर चालतात. आपल्या २३० व्होल्टच्या खांबावर ते तसेच लावले तर जळतात, मध्ये योग्य ट्रान्स्फॉर्मर हवा. माहुली-सिद्धगडच्या पावसात फितींना पांढरी बुरशी हटकून येते आणि बुरशी आलेली फीत तशीच लावली तर ती यंत्रातून पुढच्या निरोगी फितीला लागते. कॅसेट उभ्या ठेवाव्यात, कोरड्या डब्यात ठेवाव्यात, लोहचुंबक व स्पीकरपासून दूर ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा तरी टोकापासून टोकापर्यंत फिरवाव्यात. मागच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाकले म्हणजे चुकून वर मुद्रण होण्याचे भय राहत नाही. आतली दाबगादी निखळली असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटमधली बसवता येते. हे ज्ञान गूढ नाही. पूर्वी तालुक्याच्या बाजारपेठेतील टेप-रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना ते अवगत होते. ते कारागीर आता वयस्क झाले आहेत. त्यांच्याकडे बसून हे शिकून घेणे हेसुद्धा जतनच आहे.

विहिरीचा न्याय

यावर एक रास्त आक्षेप येईल. ‘मी माझ्या पैशाने, माझ्या कष्टाने यंत्र मिळवले. ते नाजूक आहे, सुटे भाग मिळत नाहीत. गावातल्या प्रत्येकाच्या बुरसटलेल्या कॅसेट त्यात घालून ते बिघडू देणे हे माझे कर्तव्य कसे?’ आक्षेपात वजन आहे. जे फुकट मागितले जाते त्याची झीज देणाऱ्यालाच सोसावी लागते.

संत थॉमस अक्विनास यांनी मालकीच्या प्रश्नाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू मिळवणे व सांभाळणे हे व्यक्तीकडे असावे, हे ते मान्य करतात, कारण जे सर्वांचे असते त्याची निगा कुणीच राखत नाही. परंतु वापराच्या बाबतीत माणसाने ती वस्तू सर्वांची मानावी, गरजवंताला तिचा लाभ देण्यास तयार असावे, असे ते सांगतात. आपल्याकडे विहिरीचा न्याय असाच असावा अशी अपेक्षा असते. विहीर ज्याची तो तिचा कठडा बांधतो, गाळ काढतो, दोर कोणी कसा सोडावा हे ठरवतो. तहानलेल्याला मात्र तो परत पाठवत नाही. या न्यायाचा भंगही आपल्याकडे भरपूर झाला. जातीच्या नावाने विहिरी बंद ठेवल्या गेल्या, याची लाज बाळगूनच हा दृष्टान्त वापरला पाहिजे.

डेकच्या मालकाकडून कुणी यंत्र उसने मागत नाही. त्याने दार उघडावे एवढीच अपेक्षा. आठवड्यातील एक दुपार, आधी साफ करून वाळवलेली कॅसेट, पट्ट्याचा खर्च वाटून घेणे आणि एकदा वाजली की तेव्हाच तिची नक्कल मोबाइलवर वा संगणकावर काढून घरच्यांच्या हाती देणे. नव्या साधनाचा येथे तिरस्कार नको. जुने यंत्र आवाज बाहेर काढील, नवे यंत्र तो टिकवील. मूळ फीत मात्र नक्कल झाली म्हणून टाकू नये, उद्या कुणी अधिक चांगली नक्कल काढू शकेल. त्या कामानंतर मालकाने आपला आवडता राग लावावा, डोळे मिटावेत. आनंदाला दरवेळी सेवेचा परवाना लागतो असे मी म्हणत नाही. पण आपल्या भिंतीपलीकडे कुणाच्या आईचा आवाज बुरशी खात असताना आपण केवळ आपल्या सुखासाठी ते यंत्र राखून ठेवले, तर त्या सुखात उणेपण राहते.

हे काम किती मोठे होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मूळचे फ्रान्सचे व पुढे भारतीय नागरिक झालेले गी प्वात्व्हँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांपैकी अनेकींचा आवाजही ध्वनिमुद्रित झाला. प्वात्व्हँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने ते भांडार सर्वांसाठी खुले केले आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन त्या गायिकांना पुन्हा भेटले. ज्यांचा आवाज घेतला त्यांच्याकडे तो घेऊन परत जाणे, ही या कामातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

आपला समाजही ऐकून वाढलेला आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, तरी वाचता न येणाऱ्या हजारोंपर्यंत ते पोहोचले ते वाचणाऱ्याच्या आवाजातूनच. आपल्या घरांतही आजोबांची प्रार्थना, लग्नातली गाणी, नाताळच्या रात्रीचा गायनवृंद, परगावी गेलेल्या मुलाने पत्राऐवजी पाठवलेली बोलकी कॅसेट असे काही ना काही कोठेतरी पडलेले असेल. यंदाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ती ट्रंक उघडून पाहावी. फिती कोरड्या करून, त्यांवर कोणाचा आवाज आहे हे विचारून लिहून ठेवावे, कारण ते सांगू शकणारी माणसे फितींहूनही लवकर जातात. आणि ज्यांच्या घरी वाजणारा डेक आहे त्यांनी ही गोष्ट रविवारी चर्चच्या आवारात चार जणांच्या कानावर घालावी. पहिली कॅसेट घेऊन कुणीतरी नक्की येईल.